मागच्या माणसाची स्कूटर

पाथर्डीकडं डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात गहिनीनाथ नावाचा एक भोळा माणूस होता. भोळा म्हणजे किती? डॉक्टर म्हणाले, "मोठा आ करा." यानं खिशातलं पेन काढलं आणि तळहातावर हा एवढा मोठा ‘आ’ काढून दाखवला. डॉक्टरांनी तो नीट बघितला आणि गोळ्या लिहून दिल्या.

लहानपणापासून त्यानं म्हशी सांभाळल्या. सांगितलेलं ऐकायचं आणि ऐकलं तसंच करायचं, एवढंच त्याला ठाऊक. म्हशींची त्याबद्दल काही तक्रार नव्हती.

त्याचं लग्न झालं शेवंताशी. शेवंता हुशार. नाशिकला एका दवाखान्यात तिला मावशीचं काम मिळालं आणि दोघं नाशिकला आली. गहिनीनाथालाही एका गोठ्यावर काम मिळालं. सगळं बरं चाललं होतं, अडचण एकच होती. शेवंताला सकाळी आठच्या आत दवाखान्यातल्या मशीनवर अंगठा लावावा लागे, आणि खोली होती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. शेअर रिक्षा भरल्याशिवाय हलायची नाही. शेवंताला दोनदा उशीर झाला. पाटोळे सिस्टर तिच्या वरच्या. त्यांनी बजावलं, "शेवंता, काम तुझं चांगलं आहे गं. पण आता तिसऱ्यांदा उशीर झाला, तर तुला ठेवणं माझ्या हातात नाही."

त्या संध्याकाळी शेवंता भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, आपण एक छोटी स्कूटर घेऊ. हलकी, गर्दीतनं निघणारी. तुम्ही पुढं, मी मागं. गावाकडं दादाची मोटारसायकल चालवता, लायसन आहे, मग काय? उद्या दुकानात जाऊन बघून या."

"बरं," गहिनीनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला. टाय लावलेला एक विक्रेता लगबगीनं पुढं आला.

"ही बघा साहेब. शहरासाठी हिच्यासारखी दुसरी नाही. पन्नास देते."

गहिनीनाथ ताठ उभा राहिला. "दोन्ही वेळचं मिळून?"

"काय दोन्ही वेळचं?"

"सकाळचं आणि संध्याकाळचं."

"साहेब, लिटरला पन्नास देते. पेट्रोलवर."

"नुसत्या पेट्रोलवर पन्नास!" गहिनीनाथ चकित झाला. "आमची पेंड खाऊन बारा देते."

विक्रेत्यानं कपाळाचा घाम पुसला. "साहेब, तुम्ही आधी बसून तर बघा."

गहिनीनाथ स्कूटरवर बसला. आणि बघू लागला. विक्रेता दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं गेला, परत आला. हा बसलेलाच. विक्रेता जेवून आला. हा बसलेलाच. शेवटी दुकान झाडायला बाई आल्या, तेव्हा त्यांनी त्याला खाली उतरवलं.

"काय बघितलं?" शेवंतानं घरी विचारलं.

"समोर काच होती. काचेच्या पलीकडं रसवंती. लोकांनी लई रस प्याला."

"आणि गाडी?"

"गाडी दिसली नाही. मी तिच्यावर बसलो होतो ना."

शेवंतानं पदरात तोंड लपवलं. हसून झाल्यावर म्हणाली, "अहो, नुसतं बसायचं नसतं. विचारायचं असतं. आता ऐका. मागच्या कॉलनीत दहा नंबरच्या बंगल्यात एक जुनी स्कूटर विकायची आहे म्हणतात. तिथं जा. इकडचं तिकडचं बोलत बसू नका. दारात गेल्या गेल्या चार प्रश्न विचारा. किती जुनी आहे? मालक किती झाले? चढावर दमते का? मागं माणूस बसला तर कुरकुरते का? पाठ करा बघू."

गहिनीनाथानं चारही प्रश्न पाठ केले. वाटेनं म्हणत म्हणत गेला. दहा नंबरच्या बंगल्याची घंटा वाजवली. एका आजींनी दार उघडलं.

"किती जुनी?" गहिनीनाथानं विचारलं.

आजींना वाटलं, शिरगणतीवाले आले. त्या म्हणाल्या, "श्रावणात बहात्तर पुरी होतील."

गहिनीनाथाला हे जरा जास्त वाटलं. पण प्रश्न अजून तीन होते.

"मालक किती झाले?"

"किती म्हणजे?" आजींचा आवाज चढला. "एकच! आत आंघोळ करतायत."

"चढावर दमते का?"

आजी एकदम मवाळ झाल्या. कुणी आपुलकीनं विचारलं की माणूस मवाळ होतोच. "दमते रे बाबा. गुडघे पार गेलेत. परवा टेकडीवरच्या देवीला गेले, तर अर्ध्यातच बसले."

"मागं माणूस बसला तर कुरकुरते का?"

"कुरकुरू नको तर काय करू? चाळीस वर्षं झाली, सारखे पाठीमागं बसलेत. चहा दे, चष्मा दे, पेपर दे!"

गहिनीनाथानं मान डोलावली. हात जोडले. "माफ करा आजी. आम्हाला जमायची नाही." आणि तो पायऱ्या उतरला. आतून ओल्या अंगानं आजोबा आले आणि म्हणाले, "कोण होतं गं?" आजी म्हणाल्या, "सरकारी माणूस. फार चांगला होता. पण आपल्याला काही मिळणार नाही म्हणाला."

घरी शेवंता वाट बघत होती. "कशी आहे?"

"बहात्तर वर्षांची आहे. मालक एकच, पण चढ चढत नाही आणि कुरकुरते फार. नको आपल्याला."

"बहात्तर वर्षांची स्कूटर?"

"स्कूटर कुठं? आजी."

या वेळी शेवंता हसली नाही. आठवडा सरत आला होता, आणि रोज सकाळी ती रिक्षाच्या मागं धावत होती. तिनं त्याला समोर बसवलं आणि एकेक शब्द तोडून सांगितलं, "माणसांना काही विचारू नका. परत त्या दुकानात जा. गाडी चालवून बघा. पण एकट्यानं नाही. एकट्याला कुठलीही गाडी बरीच वाटते. आपल्याला दोघांची पाहिजे. म्हणून ध्यानात ठेवा, मागं माणूस बसवल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही. आणि त्या माणसाला नीट बसता येतंय का, ते बघा."

"मागं माणूस बसवल्याशिवाय हलवायची नाही," गहिनीनाथ म्हणाला. हे त्याला फार पटलं.

विक्रेत्यानं त्याला लांबून ओळखलं, पण पळायला जागा नव्हती. त्यानं एक छोटी निळी स्कूटर बाहेर काढली. "साहेब, चौकापर्यंत जायचं आणि वळून इथंच यायचं. थांबा, मागं बसायला मी आमचा माणूस..."

पण दुकानासमोर एक गुरुजी उभे होते. सोवळं नेसलेले, काखेत पिशवी, रिक्षासाठी हात हलवत. गहिनीनाथानं गाडी त्यांच्यापुढं नेऊन उभी केली. अर्थात ढकलत नेली, मागं अजून माणूस नव्हता.

"बसा," तो म्हणाला.

"देवासारखा आलास रे!" गुरुजी बसले. "चौकापुढच्या मंगल कार्यालयात सोड. मुहूर्ताला पंधरा मिनिटं राहिलीत."

गाडी निघाली. दहा पावलं गेली नाहीत तोच गहिनीनाथानं मान मागं वळवली. "नीट बसता येतंय ना?"

"येतंय, येतंय. पुढं बघ!"

दहा पावलांनी पुन्हा मान मागं. "पाय ठेवायला जागा आहे ना?"

"आहे! अरे, टेम्पो! पुढं बघ!"

खड्डा आला. "पाठीला लागलं का?"

"पाठीचं सोड, मी जिवंत आहे ना तेवढं बघ! नाही नाही, मागं नको बघू, पुढं बघ!"

चौक आला. मंगल कार्यालय समोर दिसू लागलं. सनईसुद्धा ऐकू आली. गहिनीनाथानं गाडी वळवली आणि जिथनं निघाला होता तिथं आणून उभी केली.

गुरुजींनी डोळे उघडले. "हे तर मी होतो तिथंच आलो!"

"हो. गाडी कशी वाटली?"

गुरुजी होते खरे माणूस. रागातसुद्धा खोटं बोलवेना. "गाडी उत्तम आहे. सीट लांब, पाय टेकतात, खड्ड्यात कंबर मोडली नाही. गाडीत काही दोष नाही, दोष सगळा तुझ्यात आहे! एक शिकून ठेव. गाडी चालवणाऱ्यानं पुढं बघायचं. मागं आकाश कोसळलं तरी मान वळवायची नाही. समजलं?"

"समजलं," गहिनीनाथ म्हणाला.

विक्रेत्यानं गुरुजींना दुसऱ्या गाडीवर घातलं आणि वाऱ्यासारखं नेऊन पोचवलं. लग्न वेळेवर लागलं. गहिनीनाथानं तीच निळी स्कूटर घेतली. शेवंता बघायला आली, मागं बसली, सीटवर हात फिरवला आणि म्हणाली, "अहो, चांगली निवडलीत की!" गहिनीनाथाला जन्मात इतकं बरं वाटलं नव्हतं.

सोमवारी सकाळी दोघं डबा घेऊन निघाली. वेळ हाताशी भरपूर होता. वाटेत पेट्रोल पंप लागला. शेवंता खाली उतरून बाजूला उभी राहिली. पंपावरच्या माणसानं टाकी भरली, झाकण लावलं आणि म्हणाला, "झालं. चला."

शेवंता बसली असणार असं धरून गहिनीनाथ चालला. मान एकदम सरळ. मागनं कुणीतरी "अहो, अहो" असं ओरडत होतं. पण मागं आकाश कोसळलं तरी बघायचं नाही, आणि हे तर नुसतं ओरडणं होतं.

दवाखान्याच्या फाटकात पाटोळे सिस्टर उभ्या होत्या. "आज वेळेआधी! शाबास. शेवंता कुठंय?"

"मागं आहे," गहिनीनाथ पुढं बघत म्हणाला.

"मागं कुणी नाही."

"आहे. डबा पण तिच्याकडंच आहे."

"अहो, गाडी बंद करा आणि बघा मागं!"

गाडी बंद केल्यावर बघायला हरकत नव्हती. त्यानं बघितलं. सीट रिकामी. त्याचं तोंड एवढंसं झालं. "सिस्टर, ती पंपावर राहिली. आता तिला काढून टाकाल का हो?"

सिस्टरांनी घड्याळ बघितलं. "अजून पंचवीस मिनिटं आहेत. पळा, घेऊन या."

"जाता येत नाही."

"का?"

"मागं माणूस बसवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. शेवंतानं सांगितलंय."

सिस्टरांनी पुष्कळ समजावलं. त्यात पाच मिनिटं गेली. मग त्या स्वतःच मागं बसल्या. "चला!"

पंपावर शेवंता रडवेली होऊन उभी होती. सिस्टर खाली उतरल्या आणि तिची समजूत घालू लागल्या, "रडू नको, बस आधी." शेवंता बसली. मागं माणूस बसला. गहिनीनाथ निघाला.

"अहो, सिस्टर राहिल्या!" शेवंता कानात ओरडली.

"दोघांचीच गाडी आहे," गहिनीनाथ म्हणाला, आणि तिला थेट दवाखान्याच्या दारात नेऊन सोडलं. आठला दोन मिनिटं कमी होती. शेवंता धावत आत गेली, अंगठा लावला आणि धावत परत आली. वाद घालण्यात अर्थ नाही हे तिला नवऱ्याचा चेहरा बघून कळलं होतं. ती गपचूप मागं बसली. "पंपावर चला."

पंपावर पाटोळे सिस्टर ऑइलच्या एका रिकाम्या डब्यावर बसल्या होत्या. आधी त्यांनी शेवंताकडं बघितलं, मग गहिनीनाथाकडं, आणि त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना. शेवंता उतरली. तिनं हिशेब लावला. सिस्टर बसल्या तर आपण राहतो, आपण बसलो तर सिस्टर राहतात. असं तर संध्याकाळपर्यंत चालेल. तिनं मागनं येणारी रिक्षा थांबवली, सिस्टरांचा हात धरला, आणि दोघी रिक्षात बसून गेल्या. त्या दिवशी उशीर झाला तो एकट्या पाटोळे सिस्टरांना.

गहिनीनाथ पुढं बघून म्हणाला, "बसलात का?"

उत्तर आलं नाही. त्यानं गाडी बंद केली आणि मागं बघितलं. सीट रिकामी. पंपावरच्या माणसाला विचारलं, तो येईना. हवा भरणाऱ्याला विचारलं, तोही येईना. मागं माणूस नाही, आणि गाडी तर हलवायची नाही. गहिनीनाथ खूप वेळ विचार करत उभा राहिला. मग त्याला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची अशी एक युक्ती सुचली.

दुपारी चारला काम संपवून शेवंता रिक्षानं परत आली. स्कूटर पंपाच्या कडेला सावलीत उभी होती. पुढची जागा रिकामी. मागच्या सीटवर गहिनीनाथ बसला होता. डोक्यावर हेल्मेट, हात मांडीवर, पाय फुटरेस्टवर व्यवस्थित ठेवलेले.

"अहो, हे काय?"

"बरं झालं आलीस," गहिनीनाथ म्हणाला. "मागचा माणूस सकाळपासून तयार आहे. आता पुढचा तेवढा कुणीतरी बघ."