दुधाचा दात

एका दाट जंगलात गव्यांचा एक कळप राहत असे. त्याचा म्होरक्या आता म्हातारा झाला होता. आणखी दोन-तीन उन्हाळे आपण पुढे चालू, मग काही खरे नाही, हे त्याचे त्यालाच ठाऊक होते. म्हणून आपल्यामागे कळप सांभाळील असा एक तरुण गवा निवडून त्याला जवळ ठेवून शिकवावे, असे त्याने ठरवले. निवड एकदाच व्हायची. ज्याला नाही म्हटले त्याचा पुन्हा विचार नाही, असा कळपाचा रिवाजच होता.

शेवटी दोघे उरले. एक होता थोराड. त्याचे खांदे पाहूनच निम्मा कळप "हाच, हाच!" म्हणू लागला. दुसरा धाकटा त्याच्या खांद्यालाही लागत नव्हता, पण पोराची हौस केवढी! सकाळपासून झाडांना ढुशा देऊन त्याने कपाळ सोलून घेतले होते.

म्होरक्याने ऐनाचा एक ओंडका दाखवला. "त्या समोरच्या वारुळापर्यंत ढकला," तो म्हणाला. थोराडाने ओंडका एका दमात वारुळापर्यंत नेला. मग तो पुन्हा जागेवर आणला गेला. धाकट्याने चारी पाय रोवून जोर लावला. ओंडका वारुळापासून दोन पावलांवर थांबला, आणि धाकट्याच्या तोंडातून टपकन काहीतरी पांढरे गवतात पडले.

"हरला! वर दातही गेला!" कळपात हशा पिकला. धाकट्याचे डोळे भरून आले. "आजोबा," तो कसाबसा म्हणाला, "आता मला नाहीच म्हणणार ना तुम्ही?" मुलांनो, मला तर ते बघवले नसते.

म्होरक्याच्या पाठीवर गोचिडी टिपत बसलेला कावळा खाली उतरला. पलीकडच्या गावच्या बैलबाजारात त्याची नेहमीची फेरी असे. दात चोचीने उलटासुलटा करून तो म्हणाला, "अहो, हा तर दुधाचा दात! बाजारात माणसेसुद्धा आधी दात बघून बैलाचे वय ओळखतात, मग अंग बघतात. तुम्ही नुसते अंगच बघत बसलात?" मग तो थोराडाकडे वळला. "जरा आ कर पाहू, दादा." थोराडाला चार पक्के दात केव्हाच आले होते.

म्होरक्या चांगलाच वरमला. "म्हणजे हा याच्याहून चांगला वर्षभर लहान! आणि कमी पडला तो फक्त दोन पावलांनी. मला आजचा गडी नको, मी नसेन तेव्हाचा हवा. ये बाळा, माझ्याबरोबर चाल."

थोराड हिरमुसला. म्होरक्याने त्याला शिंगाने हळूच ढोसले. "तुझी ताकद आज तयार आहे. आजपासून कळपाची पाठ तू राख. हा मोठा होईपर्यंत वाघाला त्याच्याजवळ फिरकू देऊ नकोस." थोराड धाकट्याकडे पाहून हसला. "चल रे, बोळक्या!"

तिसऱ्या उन्हाळ्यात म्होरक्या गेला. त्या दिवशी धाकट्याने तोच ओंडका वारुळापलीकडे थेट ओढ्यात ढकलला, आणि सगळ्यांत मोठ्याने हंबरला तो थोराड.

तात्पर्य : वाढत्या पोराची उंची मोजण्याआधी त्याचे वय विचारावे.