ढगाचं डालगं

एकदा काय झालं, एक होती राणी. तिच्या राज्यात घड्याळच नव्हतं. मग वेळ कशी कळायची? तर राजवाड्याच्या अंगणात गुलबक्षी होती. ती उमलली की झाली संध्याकाळ! मग नगारा वाजायचा. आणि तो वाजल्याशिवाय कामावरून कुणी उठायचं नाही, असा राणीचा हुकूम. ए, ढकलू नका रे एकमेकांना. ऐका.

गावाबाहेर सगू नावाची मुलगी राहायची. तिची आई उजाडायच्या आत राजवाड्यात गोधड्या शिवायला जायची. नगारा झाला की निघायची, पण वाट लांबची. घरी पोचेपर्यंत मिट्ट काळोख.

आणि सगूच्या परसात शिंपी पक्ष्याचं घरटं होतं, बरं का. एवढंसं पाखरू! पण अंजिराची दोन पानं चोचीनं टाचून, आत कापूस घालून असं घर शिवलेलं, की बघत राहावं. आत तीन पिल्लं. सगू रोज न्याहाळायची. हा टाका कसा घालतो? गाठ कशी मारतो? आई आली की तिला विचारायची. आई म्हणायची, "बघितल्याशिवाय कसं सांगू गं? मला बाई अंधारात पानसुद्धा दिसत नाही."

मग एके सकाळी पिल्लं घरट्याच्या काठावर आली आणि पंख झटकायला लागली. सगूनं ओळखलं, ही आज उडणार! मग आईला काय दिसणार, रिकामी पानं? सगूला रडूच आलं.

मग तिच्या मनात आलं, गुलबक्षीच लवकर उमलली तर? तिच्या परसातही एक झाड होतं. आधी तिनं गोडीनं सांगितलं, "उमल गं बाई." गुलबक्षी ढिम्म. मग तांब्याभर पाणी घातलं. तरी ढिम्म. मग तिनं कोंबड्या झाकायचं डालगं आणलं, झाडावर पालथं घातलं, वर पोतं टाकलं. बऱ्याच वेळानं उचलून बघते तर काय, फुलं टक्क उमललेली! अस्सं होय! हिला वेळबीळ काही कळत नाही. नुसतं ऊन गेलेलं कळतं.

पण राणीच्या गुलबक्षीवर डालगं कोण घालू देणार? मग सगू धावत टेकडीवर गेली. तिथं एक काळा ढग लोळत पडला होता.

"ढगोबा, माझं डालगं लहान पडतं. तुम्ही डालगं व्हा ना."

"कशाला गं?"

सगूनं सगळं सांगितलं. ढग उठून बसला. "उडणारी पाखरं रोज बघतो मी," तो म्हणाला. "पण पहिल्यांदा उडताना नाही पाहिली कधी. मलाही दाखवशील?"

"दाखवीन. पण नगारा वाजला की बाजूला सरा हं. उजेड लागेल."

मग ढग निघाला आणि राजवाड्यावर जाऊन बसला. भर दुपारी अंधारलं. गुलबक्षी फसली. नगारा घुमला. गुरं परतली, माणसं परतली, आणि सगूची आई झपाझप घरी आली. मग ढग सरला. लख्ख ऊन पडलं!

राणी अशी भडकली म्हणता! "माझ्या गुलबक्षीला फसवलं कुणी?" गुराख्यांनी सगूला टेकडीवर ढगाशी बोलताना पाहिलं होतं. त्यांना विचारत विचारत राणी थेट सगूच्या परसात आली. सगूच्या आईला वाटलं, गेलं आता काम!

पण सगूनं ओठांवर बोट ठेवलं. "राणीसरकार, मग रागवा. आधी खाली बसा. दोन उडाली, एक राहिलंय."

राणी मुकाट्यानं मातीत बसली, बरं का! तिसरं पिल्लू वाकलं, घाबरलं, मागं सरलं, परत पुढं आलं. मग घेतली की उडी! पडतंय पडतंय असं वाटलं, आणि भुर्रकन कुंपणापलीकडं गेलं. राणीनं टाळ्याच वाजवल्या. ढगही वरून वाकून बघत होता.

मग सगूच्या आईनं पानं हातात धरून टाके पाहिले. "अगं, हा गाठ मारतच नाही! धाग्याचं टोक पिंजून ठेवतो बाहेर. म्हणून निसटत नाही." तिचे डोळे भरून आले. इतके दिवस लेक विचारत होती आणि आज कुठं सांगता आलं.

राणी तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ज्याच्या घरी असं काही बघायचं असेल, त्यानं नगाऱ्यासाठी थांबू नये. हा माझा हुकूम."

मग सगळी सुखानं नांदली. तुम्हीही आता कुशीवर वळा आणि निजा बघू.