सोन्याची दवंडी, गुळाची दवंडी

“‘जत्रेत महाराजांची अब्रू गेली’! कोणी लिहिलं हे?” दुर्जयराजाने दरबाराची नोंदवही दाणकन आपटली.

“मी, महाराज,” म्हातारे चिटणीस बाळाजीपंत चाचरले. “कुस्ती जिंकेल त्याला सोन्याचं कडं, अशी आपलीच दवंडी होती. सिदू पैलवान जिंकला, अन् आपण त्याच्या हातावर नारळ टेकवलात.”

“तेवढ्यानं अब्रू जाते? चोराची जाईल, रणातून पळणाऱ्याची जाईल! शब्द चुकीचा वापरलास. उद्या दुपारपर्यंत तो बरोबर आहे हे सिद्ध करून दाखव, नाहीतर लिहिणारा हात कलम!”

आता राजाच्या तोंडावर साक्ष द्यायला कोण येणार? रात्री पंतांनी भरलं ताट बाजूला सारलं.

“जेवा हो बाबा,” लेक मथू म्हणाली. “हात उद्याही लागणार आहे.”

सकाळी ती दरबारात उभी राहिली. “महाराज, साक्षीदार नकोत. दोन दवंड्या पिटा. आपल्या नावाने: राजवाड्यावर येईल त्याला सोन्याचं कडं. माझ्या नावाने: समोर चिटणिसांच्या ओसरीवर येईल त्याला गुळाचा खडा.”

“वेडी पोर! गर्दीनं दरवाजा मोडेल माझा!” राजाने चार पहारेकरी जादा लावले आणि स्वतः सज्जात जाऊन बसला.

दवंडी गावभर फिरली. ऊन डोक्यावर आलं. राजवाड्याच्या अंगणात एक कुत्रं आलं, हुंगलं आणि निघून गेलं. समोर ओसरीवर मात्र ही झुंबड! बाया, पोरं, म्हातारे, आणि रांगेत सर्वांत पुढे ते चार पहारेकरी!

“गाढवांनो!” राजा वरून कडाडला. “सोनं सोडून गुळाला?”

“महाराज,” एक पहारेकरी बोट चाटत म्हणाला, “गूळ मिळतो तरी!”

मथूने हात जोडले. “आता आपणच सांगा, बाबांनी शब्द चुकीचा वापरला?”

राजा आधी लाल झाला, मग त्याला असं हसू फुटलं की पागोटं निसटून मांडीवर आलं. त्याने खाली येऊन सिदूला बोलावलं आणि स्वतःच्या हाताने त्याला कडं घातलं. “पंत, हात सांभाळा तुमचा! मथू, तुलाही एक कडं. पण ते वाक्य तेवढं खोडा!”

“खोडाखोड कशाला, महाराज? पुढे ‘दुसऱ्या दिवशी परत आली’ असं लिहू की!” मथूने मनगट पुढे केलं. “फक्त आधी कडं हातात पडू द्या, मग शाई वाळवते!”

राजा पुन्हा खो खो हसला आणि त्याने स्वतःच्या हातातलं कडं तिथल्या तिथे उतरवून तिच्या मनगटात घातलं.