बेहड्याआडचा फलक

आंबेखोलच्या देवराईची वणव्यापासूनची राखण एका धर्मादाय प्रतिष्ठानाच्या निधीवर चालत असे. पाहणीला आलेले विश्वस्त सबनीस कडाडले, "आमच्या नावाचा फलक या बेहड्याआड झाकला जातो. झाड तोडा, नाहीतर निधी बंद!"

राईतले वाळके पानही घरी न नेणारे गावकरी भेदरले. तोडावे तर देवाचा कोप, न तोडावे तर वणवा. तेवढ्यात सबनीसांनी सोबत आणलेल्या माणसाचे करवतीचे यंत्र घरघरू लागले.

पूजा करणाऱ्या सुगंधाबाई गुरव पुढे होऊन म्हणाल्या, "तोडा साहेब. पण मग फलक त्याच्या खुंटावरच बसवू. तुम्ही निसर्गासाठी काय केलंत, हे कुणाला विचारावं लागणार नाही."

सबनीसांनी हात वर करून यंत्र थांबवले.

निधी चालू आहे. फलक अजूनही बेहड्याआडच आहे.