चिंधाबाईचं अंगण

हे समोर दिसतं ते चिंधाबाईचं अंगण. वर वाळ्याच्या ताट्यांचा मांडव आणि खाली तुळशींच्या कुंड्या. अक्षय तृतीया झाली की रंगारगल्लीतली माणसं गावाला निघतात आणि निघताना आपापली तुळस इथे आणून ठेवतात. काही आल्या आहेत, बाकीच्या आठवडाभरात येतील. मग मृग लागेपर्यंत त्यांचा मुक्काम इथेच. नवख्या माणसाला वाटतं, रोपं विकायला ठेवलीत. या, सावलीत या. अकोल्याचं ऊन आहे, असं उभं राहून ऐकायचं नाही.

चिंधाबाई कधीची, ते नक्की कोणी सांगत नाही. गल्लीत नळ नव्हते, कोपऱ्यावरच्या एका विहिरीवर सगळ्यांचं भागायचं, तेव्हाची. तिच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईबापांनी तिचं नाव चिंधी ठेवलं. नाव लागू पडलं, ती जगली. पण आईबाप गेले, लग्न कोणी करून दिलं नाही, आणि या एवढ्याशा घरात ती एकटीच राहिली. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या विणून ती पोट भरायची. सबंध शहरातल्या खिडक्यांना तिच्या हातच्या ताट्या असत म्हणे.

वैशाखात गल्ली रिकामी व्हायची. कोणी माहेरी, कोणी शेतावर, कोणी लग्नाला. प्रत्येक बाई दमणीत, म्हणजे बैलांच्या हलक्या गाडीत, बसता बसता हाक मारायची, "चिंधाबाई, तुळशीले पानी घालत जाजो वो!" ती दारातूनच "हो" म्हणायची. मग दीड महिना गल्लीत कुलपं, ऊन आणि ती. सकाळी घागर घेऊन दारोदार फिरायची. बोलायला कोणी नसायचं, म्हणून ती तुळशींशीच बोलायची. देशमुखांच्या तुळशीला म्हणायची, "काय वो, आज मान टाकली?" नाथेंच्या तुळशीला म्हणायची, "तुह्या मालकिणीचं पत्र नाही आलं अजून." अशी वीस-बावीस वर्षं गेली.

एका वर्षी ठोसरांच्या घरात नवी सून आली. गिरजा तिचं नाव. सोळा-सतरा वर्षांची, पूर्णेकाठच्या गावची. ताट्या विणताना ती चिंधाबाईजवळ येऊन बसायची. चैत्र संपत आला तेव्हा तिने सहज विचारलं, "मावशी, तुम्ही कोन्या गावाले जाता?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. चिंधाबाईच्या हातातली काडी तशीच राहिली, असं सांगतात.

"मले गाव नाही बाई."

"मंग माह्या माहेरी चाला. नदी हाय, आमराई हाय. माही माय तुम्हाले आठ दिवस उठू देनार नाही जाग्यावरून."

चिंधाबाई हो म्हणाली. गिरजाच्या आईसाठी तिने वाळ्याचा एक पंखा विणला, त्याला लाल काठ लावला. गल्लीतल्या एकेका घराला कुलूप लागत गेलं. बाया निघताना सवयीने हाका मारत गेल्या, आणि तीही सवयीने "हो" म्हणत गेली. आपण या वर्षी इथे नसणार, हे तिला त्या त्या वेळी आठवलंच नसावं.

त्या वर्षी पाऊस आधीच कमी झालेला. वैशाखाच्या पहिल्या आठवड्यात विहिरीत घागर बुडेना, पोहऱ्यात गाळ यायला लागला. गिरजाच्या भावाची दमणी दारात आली त्या सकाळी चिंधाबाई गाठोडं घेऊन बाहेर आली आणि दोन्ही बाजूंच्या कुलपांकडे बघत थांबली.

"गिरजे, मले येता नाही येनार."

"कावून?"

"ह्या साऱ्या जणी मरतील पान्याविना."

"मावशी, झाडं हायत ती. मृगात दुसरी लावतील."

"लावतील. पन त्या पानी घाल म्हनाल्या तवा मी हो म्हनलं ना बाई."

गिरजा रडकुंडीला आली. तिने पुष्कळ ओढलं. शेवटी चिंधाबाईने तो पंखा तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मायले दे. पुढच्या वर्षी येतो." आमच्या वऱ्हाडात बाईदेखील "येतो"च म्हणते. दमणी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ती रस्त्यात उभी होती. पाय भाजायला लागले तेव्हा आत गेली.

घरोघरी घालायला पाणी नव्हतं. तेव्हा तिने एकेक तुळस मातीसकट उकरली, मडक्यात घातली आणि आपल्या अंगणात आणली. एकतीस तुळशी. विकायला विणलेल्या सगळ्या ताट्या त्यांच्यावर बांधल्या. पहाटे उठून मोर्णेच्या कोरड्या पात्रात झिरा खणायचा, वाटीवाटीने घागर भरायची, डोक्यावर आणायची आणि तुळशींना घालून उरलं तर आपण प्यायचं. तिच्या ओठांतून रक्त यायचं म्हणतात. पण तेवढा एक उन्हाळा तिचं अंगण भरलेलं होतं.

मृग लागला, माणसं परतली. एकही तुळस सुकली नव्हती. बायांनी तिच्या पाया पडून घेतलं, आणि दिवे लागायच्या आत प्रत्येकीने आपापली तुळस उचलून नेली. अंगणात एकच मडकं उरलं, ठोसरांचं. ते न्यायला कोणी आलं नाही. त्या उन्हाळ्यात पूर्णेकाठी पटकी आली होती आणि गिरजा तीन दिवसांत गेली होती. ठोसरांच्या घरात ती तुळस बघवेना.

चिंधाबाई रडल्याचं कोणी पाहिलं नाही. पण पुढच्या वैशाखात बाया हाका मारायला लागल्या तेव्हा ती पहिल्यांदा दारातून खाली उतरली. म्हणाली, "पानी घालीन. पन जाताना मले एकडाव इचारत जा, येता का म्हनून. मी येनार नाही. पन इचारा."

बाया ओशाळल्या. त्या दिवसापासून विचारायला लागल्या. जी विचारायला विसरे तिची तुळस, पाणी सारखंच असूनही, पिवळी पडे म्हणे. अठरा वर्षं दर घराने विचारलं आणि अठरा वर्षं ती "नाही वो, या वर्षी नाही" म्हणाली. हळूहळू विचारणं म्हणजे उंबऱ्याला हात लावण्यासारखं होऊन गेलं.

एकोणिसाव्या वर्षी देशमुखीणबाईंनी एक पाय दमणीत ठेवूनच विचारलं, "येता का?"

चिंधाबाई म्हणाली, "येतो."

दमणी माणसांनी आणि बोचक्यांनी भरलेली. ती म्हातारी गाठोडं काखेत घेऊन उन्हात उभी. शेवटी देशमुखीणबाईंची धाकटी जाऊ खाली उतरली. "बसा तुम्ही, पानी मी घालतो," म्हणाली.

चिंधाबाई देशमुखांच्या गावाला गेलीच नाही. वाटेत पूर्णेकाठी तिने गाडी थांबवायला लावली आणि विचारत विचारत गिरजाच्या माहेरी गेली. गिरजाची आई ओसरीवर बसली होती, डोळ्यांना दिसत नव्हतं. चिंधाबाई म्हणाली, "तुमची गिरजा मले घेऊन येनार होती."

आईने चाचपत तिचा हात धरला आणि म्हणाली, "किती उशीर केला वो बाई. बस."

ती तिथेच राहिली. दोघी म्हाताऱ्या पुढे सहा वर्षं एका ओसरीवर होत्या, असं सांगतात. इकडे लोकांनी तिचं घर कोणाला दिलं नाही, तुळशी मात्र तिच्या अंगणात आणून ठेवू लागले.

आजही गल्लीत जो मागे राहतो त्याला प्रत्येक घर निघताना विचारतं, आणि नुसतं तोंडाने विचारून चालत नाही. गाडीत एक जागा खरोखर मोकळी ठेवावी लागते. जीप असो, सुमो असो, पोरं मांडीवर घेतील पण ती जागा सोडतील. सहसा कोणी येत नाही. मोकळी जागा घेऊनच गाड्या निघून जातात.

या वर्षी मागे राहणारा मीच. माझं गाव धरणात गेलं, आणि घरातलं माणूस गेल्या कार्तिकात. सकाळपासून सहा घरं विचारून गेली. सहाही जणांना मी नाही म्हणालो. ती पाहा, नाथेंची सून कुंडी घेऊन येतेय. थांबा जरा, ती काय विचारते ते ऐकू द्या मला.