पडद्याबाहेरची खुर्ची

एकदा एक शिष्य दिवेलागणीच्या सुमारास आपल्या वृद्ध गुरुजींच्या खोलीत आला. छातीशी टॅब घट्ट धरलेला, चेहरा पांढराफटक. वर्षभरापूर्वी त्याची आई गेली होती. तिचा टॅब थोरल्या भावाने त्याच्याकडे पाठवून दिला होता आणि त्यात तिच्या अखेरच्या दिवसांतला एक व्हिडिओ होता.

"गुरुजी, पाहवत नाही आणि पाहिल्यावाचून राहवतही नाही," तो म्हणाला. "आई खोलीत एकटी आहे. दादा टॅब समोर लावून आपल्या कामाला निघून गेला. आणि मग हे बघा."

त्याने टॅब उभा धरला. पडद्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत आईचा चेहरा होता. थोड्या वेळाने एका कडेतून हात आला. नुसता हात, मनगटापर्यंत. त्याने चमचाभर पाणी तिच्या ओठांना लावले आणि तो कडेतच नाहीसा झाला. आईने त्याच्याकडे पाहिलेही नाही. दुसऱ्या बाजूला, जिथे काहीच नव्हते, तिकडे पाहून ती हसली आणि स्पष्ट म्हणाली, "आलास? बस."

शिष्याच्या अंगावर काटा आला. हे पाहताना तो काटा रोजच येत असे.

"तिला न्यायला कुणीतरी आलं होतं. दादाने तिला त्याच्याबरोबर एकटं सोडलं. उद्याच्या वर्षश्राद्धाला मी जाणार नाही. यापुढे त्याचं तोंडही पाहणार नाही."

"पुन्हा लाव," गुरुजी म्हणाले.

व्हिडिओ सुरू होताच त्यांनी आपला सुरकुतलेला तळहात थेट आईच्या चेहऱ्यावर ठेवला. मृताच्या तोंडावर वस्त्र ओढावे तसे ते दिसले, आणि शिष्याला ते मुळीच रुचले नाही. पण चेहरा झाकला गेल्यामुळे त्याची नजर प्रथमच त्या हातावर ठरली. मनगटात तांब्याचे कडे होते. ते कडे तो लहानपणापासून ओळखत होता.

"हा व्हिडिओ आधीपासून असाच दिसायचा?" गुरुजींनी विचारले.

"नाही. वरखाली काळे पट्टे यायचे, आई एवढीशी दिसायची. म्हणून सुरू होताच मी बोटांनी मोठा करायचो. आडवं पडून पाहताना चित्र फिरायचं, तेही बंद करून टाकलं."

गुरुजींना टॅबची चांगलीच माहिती होती. हल्ली प्रवचनेही त्यावरच भरतात. त्यांनी चित्र पूर्ववत लहान केले, फिरण्याची मुभा दिली आणि टॅब आडवा केला.

सगळी खोली दिसू लागली. खाटेशी जमिनीवर दादा बसला होता, दाढी वाढलेली, डोळे जागरणाने सुजलेले, हातात चमचा. दुसऱ्या बाजूला एक रिकामी खुर्ची होती आणि तिच्या पाठीवर शिष्याचाच जुना तपकिरी स्वेटर. आई त्या खुर्चीकडे पाहून म्हणाली, "आलास? बस." दादा क्षणभर थबकला. मग उठला आणि त्याने ती खुर्ची हळूच खाटेजवळ सरकवली.

"तुला फक्त आई हवी होती," गुरुजी म्हणाले. "तिचा चेहरा मोठा करताना तिच्याजवळ बसलेला माणूस तू कापून टाकलास. त्याचा हात तेवढा उरला, त्याचं तू भूत केलंस. दुःखात माणसाचं असं होतं, त्याबद्दल मी तुला बोल लावणार नाही. पण एक सांग. दादाने तुला बोलावलं होतं, निरोप इथेच आला होता, तेव्हा तू काय म्हणालास?"

"पाठ संपला की येतो, म्हणालो. आणि वेळेत पोचलोच नाही," शिष्य पुटपुटला. त्याला अतिशय लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तो घरी पोचला. खोलीत खाट होती, खाटेजवळ ती खुर्ची होती, स्वेटरही तसाच होता. दादा आतून आला. कडे घातलेला हात खुर्चीवर ठेवून तो म्हणाला, "आलास? बस."

शिष्य बसला. समोर आईची रिकामी उशी होती. अंगावर तोच काटा आला, पण या वेळी त्याने दादाचा हात धरून ठेवला.