अक्रोडाची पलीकडची बाजू

"...पण कमी काय आहे त्यात, तेवढं तरी सांगाल की नाही बाई?"

वल्लभने हे विचारलं तेव्हा लीलाबाई बर्वे त्याचे फोटो गोधडीवर पत्त्यांसारखे मांडून बसल्या होत्या. सगळे कृष्णधवल, सगळे बर्फाचे. प्रत्येकात तेच एक अक्रोडाचं झाड आणि मागे तेच डोंगर.

बाई मूळच्या सांगलीच्या. हयात फोटो काढण्यात आणि शिकवण्यात गेली, आणि म्हातारपणी मनालीच्या वरच्या एका खेड्यात येऊन राहिल्या. का म्हणून विचारलं, तर म्हणतात, सांगलीत उकडतं. वल्लभ त्यांचा जुना शिष्य. हुशार, आणि त्याहून हट्टी. दर हिवाळ्यात इतक्या लांब येतो, तो या एका झाडापायी.

"काही कमी नाही," बाई म्हणाल्या.

"मग फोटो चांगला आहे म्हणा."

बाईंनी एक फोटो उचलला आणि परत जागेवर ठेवला.

"एकदा तरी म्हणा हो!"

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या दमल्या होत्या. तोही दमलाच होता, पण त्याच्या दमण्यात राग होता.

"दुपारच्या गाडीने चाललोय मी," तो म्हणाला. "आता शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर कॅमेरा विकून टाकतो आणि भावाच्या दुकानात बसतो. कंटाळलो बाई. खरंच सांगतो."

"चल," बाई म्हणाल्या आणि काठी शोधू लागल्या.

रात्री नवा बर्फ पडला होता. झाडाभोवतीचं सगळं शेत कोरं होतं, कुठे पाऊल उठलेलं नव्हतं. वल्लभला हेच हवं असायचं. नुसती एखादी कोंबडी फिरून गेली, तरी हा गडी तोंड पाडून परत यायचा आणि पुढच्या बर्फाची वाट बघत बसायचा. स्वतः तर त्याने कुंपणाच्या आत कधी पाय ठेवला नव्हता.

कुंपणाबाहेर त्याने कॅमेरा तिवईवर चढवला. बर्फ फोटोत राखाडी उतरू नये म्हणून उजेड मोजला, परत मोजला. डोंगरावरचा ढग सरकायची वाट बघत वाकून उभा राहिला...

आणि बाई कुंपणातून आत शिरल्या.

"बाई! अहो, काय करताय! बाई!"

त्यांनी मागे पाहिलंसुद्धा नाही. गुडघाभर बर्फातून काठी टेकत, थांबत, धापा टाकत त्या झाडापर्यंत गेल्या आणि खोडामागे दिसेनाशा झाल्या. कोऱ्या शेतात एक वेडीवाकडी घळ तेवढी राहिली.

"वाट लावलीत हो सगळ्याची!" वल्लभ ओरडला. रडूच यायचं बाकी होतं. "मुद्दाम केलंत ना?"



मग खोडामागून आवाज आला. "वल्लभ, मला परत चालवत नाही रे."

नेमका तेव्हाच ढग सरकला. डोंगर उजळला, झाड उजळलं. असा उजेड त्याला आजवर एकदाही मिळाला नव्हता. पावलांची घळ घेऊन का होईना, फोटो होता. त्याचा हात बटणापर्यंत गेला.

"येतोस ना?"

तो स्वतःशीच शिव्या देत कुंपणातून आत शिरला. अंतर एवढंसं, पण त्याचा घाम निघाला. बुटांत बर्फ गेला. मध्येच पडला, हात टेकून उठला.

बाई खोडाला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक पडला होता, पण श्वास आता जागेवर येत होता.

वल्लभने मागे वळून डोंगराकडे पाहिलं, तर ढग परत आला होता.

"गेला उजेड," तो म्हणाला. "संपलं बाई सगळं."



त्याने आधारासाठी खोडावर हात ठेवला आणि चमकून वर बघितलं. इतके हिवाळे त्याने हे झाड पांढरं पाहिलं होतं. या बाजूने ते बुंध्यापासून वरपर्यंत काळंभोर होतं, कोरडं ठणठणीत. बर्फाचा कण नव्हता.

"ही बाजू... मी कधी..."

बाईंनी काठी उचलून मांडीवर घेतली आणि जरा सरकून जागा केली.

"बस. इकडे वारा लागत नाही."